बडोद्याला चित्रं बघायला यायचं ते कशासाठी? (दोन तारे देणाऱ्यांना उत्तर)

रावपुऱ्यातला
‘कोथरूडकर’ यांनी परवा या मंचावर बडोद्याच्या सहलीवर लिहिलं. राजवाडा आवडला, सेव-उसळ आवडली, कमाटीबाग आवडली. गावातल्या एका लहान चित्रसंग्रहालयाला मात्र पाचापैकी दोन तारे. कारणं अशी: तिकीट जास्त, फोटो काढू देत नाहीत, उजेड कमी, पाट्या वाचता येत नाहीत, पहारेकरी मागे मागे फिरतो आणि अर्ध्या तासात सगळं संपतं. इथवर मी गप्प बसलो असतो. पण शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘एकूण बडोद्यात चित्रं म्हणजे रविवर्म्याची कॅलेंडरं. ती आमच्या आजीच्या देवघरातही होती, त्यासाठी एवढा प्रवास कशाला?’

हे वाचून राग आला आणि अजून उतरलेला नाही. जागेचं नाव त्यांनी घेतलेलं नाही, मीही विचारणार नाही. प्रश्न एका जागेचा नाहीच.

आधी उजेड. कागदावरच्या कामाला आणि जलरंगाला साधारण 50 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप), तैलरंगाला 200च्या आसपास, हा जगभरच्या संग्रहालयांत मानला जाणारा दंडक आहे. मॉलमधून थेट तिथे शिरलात तर अंधार वाटणारच. दोन मिनिटं उभे राहा, डोळे सरावतात. फोटोचंही तसंच. दहा माणसं मोबाइल वर करून उभी राहिली की अकराव्याला चित्र दिसत नाही.

आता ‘अर्ध्या तासात संपतं’. काय संपतं? रविवर्म्याच्या मूळ चित्रातला मोत्यांचा सर कधी हातभर अंतरावरून पाहिलाय? तिथे मोती नसतातच. करड्या रंगाचा एक ठिपका, त्यावर पांढऱ्या जाड रंगाचा एक टिंब, एका फटक्यात टेकवलेला. चार पावलं मागे सरकलात की त्याचे टपोरे मोती होतात. पुन्हा पुढे गेलात की पुन्हा रंग. हे करायला मला एका चित्रासमोर अर्धा तास लागतो.

आणि ज्या गावाला तुम्ही दोन ताऱ्यांत गुंडाळलंत त्याने चित्रांसाठी काय केलंय तेही ऐका. कमाटीबागेतल्या संग्रहालयाची इमारत 1894ची. शेजारची चित्रशाळा 1914 साली बांधून तयार झाली, पण तिच्यासाठी युरोपात जमवलेली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडातच अडकली. चित्रशाळा उघडली ती 1921 साली. ज्या सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांनीच हे उभं केलं, आणि ते राजवाड्यात नाही, सार्वजनिक बागेत. भाजीची पिशवी हातात असलेल्या माणसालाही आत जाता यावं म्हणून. अशा ठिकाणांना आपण हॉटेलच्या खोलीसारखे तारे देत बसायचं का?

कोथरूडकर
रावपुऱ्याचे, मी प्रामाणिक अनुभव लिहिला. तुम्ही मला चित्र कसं बघायचं ते शिकवताय.

सोबत आई होती, वय 74. बसायला एक बाक नाही. दारातला स्टूल पहारेकऱ्याचा. तिला पाणी प्यायचं होतं, तर बाटली बाहेर ठेवायला लावलेली. ती पाटी वाचायला जरा पुढे झाली तर मागून ‘दूर, दूर!’ असा आवाज, जणू चोरी करायला आलीय. पाटी म्हणजे टंकलेखन यंत्रावर टाइप केलेला पिवळा कागद, त्यावर शाई उडालेली. चित्रकाराच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं लागलं. आई म्हणाली, चल, आपल्याला इथे कुणी बोलावलेलं नाही. दोन तारे मी तिच्या वतीने दिलेत आणि ते बदलणार नाही.

सयाजीराव थोर होतेच. पण 1906चं शिक्षण आज माझ्या आईला बाक देत नाही.

दोन_मुलांची_आई
बाकाच्या मुद्द्यावर कोथरूडकरांना शंभर टक्के पाठिंबा. मी याच गावात राहते, कारेलीबागेत. मुलांना सुट्टीत कुठे न्यायचं हा दरवर्षीचा प्रश्न. कमाटीबागेत देवमाशाचा सांगाडा आणि ममी, एवढं बघायला ती पळत जातात. त्यापुढच्या दालनांत धाकटा माझा हात ओढायला लागतो. दोष त्याचा नाही. देवमासा 1944 साली मही नदीच्या मुखाशी सापडला, एवढं सांगितलं तर त्याने मला पुढे वीस प्रश्न विचारले. एका ओळीने एवढं होतं. चित्रांपाशी त्याला अशी ओळ कुणी देत नाही. कुणाचं चित्र, कोणत्या साली, कॅनव्हासवर तैलरंग. सहा वर्षांच्या पोराने त्याचं करायचं काय?

जुनी_फाइन_आर्ट्सवाली
रावपुऱ्याचे, 50 आणि 200 लक्स बरोबर आहे, पण त्या आकड्यांआड अव्यवस्था लपवू नका. मी नाव न घेता सांगते, याच गावात एका दालनात पश्चिमेची खिडकी सताड उघडी आणि दुपारचं ऊन थेट जलरंगाच्या चित्रावर पडलेलं पाहिलंय. शेजारच्या दालनात तैलचित्र काळोखात, आणि त्याच्या काचेत समोरची ट्यूबलाइट आडवी उमटलेली. चित्राचं तोंड बघायचं तर मान वाकडी करावी लागत होती. त्याला जतन म्हणत नाहीत. कुणी लक्स मोजलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पडदा लावायला काय खर्च येतो?

पावसाळ्याचंही तेच. दमट हवेत कॅनव्हास ओलावा घेतो, कोरड्यात सोडतो, त्यावरचा रंग तेवढा ताणला जात नाही, मग तडे जातात, पापुद्रे निघतात. दिवसभर एसी आणि रात्री बंद, हे तर एसी नसण्यापेक्षा वाईट. 2024च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोद्यातल्या प्रत्येक तळमजल्याचा विचार करून मला झोप लागत नव्हती. आपल्या गावावर प्रेम असेल तर हे प्रश्न विचारा. पाहुण्यावर ओरडून काय होणार?

पण कोथरूडकर, ‘कॅलेंडरं’ हा शब्द मागे घ्या. त्यावर मी स्वतंत्र लिहीन.

राजवाडा_चौक_इंदूर
बडोद्याच्या कलेबद्दल एवढं चाललंय तर एक सांगतो. 1950 साली तुमच्या विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा तिथला चित्रकला विभाग चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांनी उभा केला. ते इंदूरचे. शिकले देवळालीकर मास्तरांकडे, इंदूरच्या कलाशाळेत. एम. एफ. हुसेनही तिथलेच विद्यार्थी. बडोदा स्कूल, बडोदा स्कूल म्हणून जगभर नाव होतं, इंदूरचा उल्लेख कुणी करत नाही. आमच्याकडे त्या मास्तरांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? बेंद्र्यांचं एखादं चित्र बघायचं तर आम्ही जायचं कुठे? तुम्हाला निदान भांडायला संग्रहालय आहे.

रावपुऱ्यातला
इंदूरकर, बेंद्रे इंदूरचे हे इथे सगळ्यांना माहीत आहे, कुणी नाकारलेलं नाही. विषय तो नाही.

फाइन आर्ट्सवाल्या ताई, पडद्याचं पटलं. लक्सचा आकडा मात्र मी कशाला झाकण म्हणून दिला नव्हता.

वाघोडिया_रोड
मुद्द्याचं कुणी बोलतच नाहीये. मराठी पाट्या कुठे आहेत? गायकवाड मराठी, दरबार मराठी, दांडिया बाजारात आजही जुन्या वाड्यांवर मराठी नावं, 2018 साली अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे भरलं. आणि लहानसहान संग्रहालयांत पाटी इंग्रजीत, कुठे गुजरातीत. आमची भाषा या गावात पाहुणी आहे का?

मास्तर_निवृत्त
वाघोडिया रोड, मी गुजराती शाळेत शिकवलं, घरी मराठी बोललो, मला दोन्ही माझ्याच वाटतात. गुजरातीत पाटी आहे याबद्दल तक्रार करू नका. गाव गुजरातेत आहे, मुलं गुजरातीत शिकतात. मराठी हवी तर तिसरी ओळ मागा, दुसरी खोडायला सांगू नका.

आणि एक विचारतो. आपण बडोद्याचे मराठी लोक शेवटचे कधी गेलो होतो? तांबेकरांचा वाडा रावपुऱ्यात आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णाच्या लीला आहेत, लढाया आहेत. माझ्या गल्लीतल्या माणसांना ‘वाड्यात काय आहे’ विचारलं तर ‘बंद असतो बहुतेक’ म्हणतात. वाडा चालत पाच मिनिटांवर. कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, चारही भिंती. गंगावतरण आहे, मीरेचं आयुष्य आहे, महाभारताचं युद्ध आहे. शेजारच्या पुलावरून रोज गाडी घेऊन जाणारे किती जण आत गेलेत?

वाघोडिया_रोड
मास्तर, मी खोडायला सांगितलं नाही. तुम्ही माझ्या तोंडी घातलंत.

मास्तर_निवृत्त
‘पाहुणी’ हा शब्द तुम्ही वापरलात. त्याचा दुसरा अर्थ मला लावता आला नाही.

ग्वाल्हेरची_सून
आमच्याकडे गुजरी महालातल्या संग्रहालयात ग्यारसपूरची शालभंजिका आहे, एका स्त्रीची दगडी मूर्ती. ती जाळीआड ठेवलेली. पाहुणे आले की मी हौसेने नेते आणि दरवेळी कुणीतरी म्हणतं, एवढीशी मूर्ती, तीही कोंडलेली. मला वाईट वाटतं, पण राग येत नाही. त्यांनी तिचा चेहरा पाहिला ना, मग झालं. रावपुऱ्याचे दादा, पाहुण्यावर एवढं चिडू नये. तुमच्याकडे बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जुन्या ब्राँझ मूर्ती आहेत, त्यातली ती चवरी धरलेली चामरधारिणी आहे. ज्यांच्या घरी एवढं आहे त्यांनी एका माणसाच्या दोन ताऱ्यांनी का हलावं?

जुनी_फाइन_आर्ट्सवाली
आता ‘कॅलेंडर’.

सयाजीरावांनी रविवर्म्याला रामायण-महाभारतातल्या चौदा चित्रांचं काम दिलं ते 1888 साली. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा ही त्यातलीच. ती राजवाड्यासाठी होती, पण राजवाड्यात लागण्याआधी लोकांनी पाहिली, गर्दी करून पाहिली. दिवाण टी. माधवराव आधी त्रावणकोरला होते, मग बडोद्याला. त्यांनीच रविवर्म्याला सुचवलं होतं की चित्रांच्या छापील प्रती काढा, म्हणजे मागणी पुरी होईल. छापखाना निघाला 1894 साली, मुंबईत. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, नंतर श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे. मूळ चित्रं आधी, छापे नंतर. देवघरातली लक्ष्मी-सरस्वती ही त्या हाताची पडछाया आहे. पडछाया घरी आहे म्हणून माणूस भेटायला नको, असं कुणी म्हणतं का?

आम्हाला कॉलेजात रविवर्म्यावर हसायला शिकवलं जायचं. नाटकी, गोड, युरोपची नक्कल. नाटकीपणाचा आरोप मला आजही बराचसा मान्य आहे. त्याच्या कितीतरी नायिका पडदा वर जायची वाट बघत उभ्या असल्यासारख्या दिसतात. पण साडीची जर, सोन्याच्या काठाला वळताना येणारी सावली, कोपराची घडी, हे छाप्यात येत नाही. छाप्यात रंगागणिक छपाईचा वेगळा दगड, एकावर एक छपाई, वरून व्हार्निशचा थर. भिंग लावलंत तर दगडाचा दाणा दिसतो. त्याचं सौंदर्य वेगळं आहे, आणि तेही कमी नाही.

कोथरूडकर
‘त्याचं सौंदर्य कमी नाही’ असं तुम्हीच म्हणता. मग आजीच्या देवघरात ते होतं असं मी म्हटलं, तर अपमान कसा झाला?

जुनी_फाइन_आर्ट्सवाली
‘होती’ म्हणालात म्हणून नाही. ‘त्यासाठी एवढा प्रवास कशाला’ म्हणालात म्हणून.

मास्तर_निवृत्त
आमच्याकडे लक्ष्मीचा तो छापा होता. माझ्या आत्याने तिच्या पदरावर खरी जर शिवली होती, सुईने, कागदातून, एकेक टाका. मुकुटावर टिकल्या, गळ्यात काचेचे मणी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या बायका फक्त ती लक्ष्मी बघायला यायच्या. आत्या बालविधवा. स्वतःच्या अंगावर रंगीत लुगडं कधी घातलं नाही, सगळी जर तिने त्या कागदाला नेसवली. मला राजवाड्यातलं मूळ चित्र दाखवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, हिच्या पदराला आत्याची जर नाही. म्हणून कोथरूडकरांचं वाक्य मला टोचलं नाही. त्यांच्या घरातही कुणी तरी असं बसलं असेल.

दोन_मुलांची_आई
मास्तर, हे संग्रहालयात मूळ चित्राच्या शेजारी लिहिलेलं असतं तर माझा धाकटा हात ओढत नसता.

रावपुऱ्यातला
मास्तर, आत्यांचं वाचून गलबललं. पण मला भीती अशी वाटते की प्रत्येकजण चित्रात स्वतःची आजी शोधायला लागला तर चित्रकार राहील कुठे? त्या माणसाने अर्धं आयुष्य तैलरंग शिकण्यात घातलं, धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा याला सोबत घेऊन गावोगाव हिंडला. 1979 साली सरकारने त्याची चित्रं राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर न्यायला बंदी केली. त्याच्यासमोर उभं राहून आपण विचारायचं, आमच्या देवघरातलीच ना ही?

वाघोडिया_रोड
का विचारू नये? कोट्यवधी लोकांच्या देवघरात पोहोचला म्हणूनच तो रविवर्मा. नाही तर राजवाड्यातल्या भिंतीपुरता राहिला असता. तुम्ही म्हणता संग्रहालय भाजीची पिशवीवाल्यासाठी, आणि पिशवीवाला आपल्या देवघराची ओळख सांगत आला की तुम्हाला चालत नाही. दोन्ही कसं जमेल?

रावपुऱ्यातला
पिशवीवाल्याने ओळख जरूर सांगावी. ‘कशाला’ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

कोथरूडकर
मीच ‘कशाला’ म्हणालो आणि ते तुम्ही धरून ठेवलंय. ठीक. बडोद्यातली रविवर्म्याची मूळ चित्रं मी बघितली नव्हती, राजवाड्यात गेलो पण आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात वेळ झाला नाही. पुन्हा येईन तेव्हा आईला घेऊन जाईन. पण त्या लहान जागेचे दोन तारे तसेच राहतील. मूळ चित्र थोर असलं म्हणून म्हाताऱ्या माणसाशी कसंही बोलावं, हे मला मान्य नाही. आणि रावपुऱ्याचे, तुमच्या पहिल्या लेखात पहारेकऱ्याबद्दल एक वाक्य नाही. लक्स आहे, सयाजीराव आहेत, मोती आहेत. माणूस कुठे आहे?

राजवाडा_चौक_इंदूर
हे मात्र बरोबर बोललात.

रावपुऱ्यातला
पहारेकऱ्याबद्दल आता लिहितो. कंत्राटावरचा माणूस, पगार तुटपुंजा, चित्राला ओरखडा गेला तर नोकरी त्याची जाते. त्याला चित्रांबद्दल कुणी एक शब्द सांगितलेला नसतो, फक्त ‘हात लावू देऊ नका’ एवढं सांगितलेलं असतं. मग तो ‘दूर, दूर’ म्हणतो. मी एका पहारेकऱ्याला विचारलं, तुम्हाला यातलं कुठलं आवडतं? तो आधी दचकला. मग मला आतल्या कोपऱ्यातल्या एका लहान निसर्गचित्रापाशी घेऊन गेला आणि गुजरातीत म्हणाला, संध्याकाळी पाच वाजता या, तेव्हा उजेड बाजूने येतो, पाणी हललेलं दिसतं. गेलो पाच वाजता. दिसलं. त्या जागेवर कुणी समीक्षक असता तर त्याने मला हे सांगितलं नसतं.

कोथरूडकर, तुमच्या आईंना जे बोललं गेलं ते चुकीचंच. बाकही हवाच, त्यावर वाद नाही. पण तारे कापले तर ते त्या कंत्राटी माणसाच्या डोक्यावर बसतील. वर बसलेल्यांना ते दिसणारही नाहीत. त्यापेक्षा लेखी तक्रार करा: बाक हवा, पडदा हवा, पाटी नवी हवी. सही करायला मी येतो.

जुनी_फाइन_आर्ट्सवाली
मीही सही करेन. पडदा पहिला लिहा.

वाघोडिया_रोड
मराठी ओळ घातली तरच माझी सही.

मास्तर_निवृत्त
तिसरी ओळ म्हणून घाला, मग माझीही.

ग्वाल्हेरची_सून
विषयाला सोडून विचारते. माझ्या सासूबाईंकडे सरस्वतीचा असाच छापा आहे, फ्रेमची काच फुटलीय, कडेला बुरशी आलीय. खालच्या पांढऱ्या पट्टीत इंग्रजीत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं आहे. ओल्या फडक्याने पुसू का?

जुनी_फाइन_आर्ट्सवाली
अजिबात नको! पाणी लावलंत तर व्हार्निश पांढरं पडेल आणि कागद फुगेल. काचेचे तुकडे सावकाश काढा, छापा काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच ठेवा. कोरड्या खोलीत सपाट ठेवा, उन्हात नाही. बुरशी फुंकू नका, नाकात जाते. आधी सुकू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून. मागचा लाकडी पाट काढून टाका, त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि तांबूस डाग पडतात. पदरावर जर किंवा टिकल्या शिवलेल्या असतील तर त्यांना हात लावू नका, काळ्या पडल्या असल्या तरी. नवी फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यात माउंटची जाड पट्टी घालायला सांगा. फ्रेमवाला डिंकाने चिकटवायला निघाला तर दुकान बदला.